जहाज तयार आहे, पण निघायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवर, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे आणि फाशांच्या मदतीने सर्वांनी मिळून कथा घडवायची अशा खेळांवर, प्रसिद्ध झालेला लेख वाचला. या छंदाची इतक्या आस्थेने दखल घेतल्याबद्दल मनापासून आभार. मात्र गाजलेल्या विज्ञानपटांवर आणि मालिकांवर बेतलेले खेळ फार काळ टिकत नाहीत, कारण त्यांचे नियम किचकट असतात, हा लेखातील निष्कर्ष मला पटला नाही. गेली अनेक वर्षे मी हे खेळ खेळतो आणि गेम मास्टर म्हणून, म्हणजे प्रसंगांचे वर्णन करून खेळ पुढे नेणारा, आपल्या नाटकाच्या भाषेत सूत्रधार म्हणून, चालवतोही. त्या अनुभवावरून मला असे वाटते की दोष नियमांत नसून, ज्या गुणांमुळे एखादी कथा पडद्यावर गाजते तेच गुण टेबलावर तिच्या आड येतात.

दोष नियमांचाच असता तर तो एव्हाना दुरुस्त झाला असता, कारण प्रयत्नांत कसूर झालेली नाही. ‘स्टार ट्रेक’चा खेळ 1982 मध्ये एफएएसए या कंपनीने काढला, 1998 मध्ये लास्ट युनिकॉर्नने, 2002 मध्ये डेसिफरने आणि 2017 मध्ये मोडिफियसने, दर वेळी नियमपद्धती निराळी होती. ‘स्टार वॉर्स’ 1987 मध्ये वेस्ट एंड गेम्सकडे होता, 2000 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे गेला आणि 2013 मध्ये फँटसी फ्लाइटने तो स्वतःचे खास चिन्हांचे फासे घेऊन पुन्हा मांडला. ‘ड्यून’ या विज्ञानकथेवरचा 2000 मधला खेळ मर्यादित आवृत्तीच्या पुढे गेला नाही, आणि नव्या खेळासाठी 2021 साल उजाडावे लागले. याउलट कोणत्याही चित्रपटावर वा मालिकेवर न बेतलेल्या, 1974 मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम आणि मालक दोन्ही बदलले, तरी तो खेळ त्याच नावाने आजही खेळला जातो.

मुळात अडचण नायकापाशी सुरू होते. पडद्यावरची कथा एका असामान्य माणसाभोवती फिरते आणि इतरांनी त्याला साथ द्यायची असते. टेबलाभोवती मात्र चार-पाच जण बसलेले असतात, आणि प्रत्येकाला आपले पात्र मध्यवर्ती वाटायला हवे असते. ते वाटले नाही तर तो पुढच्या वेळी येत नाही. लेझरची तलवार चालवणारा योद्धा आणि मालवाहू जहाजाचा मेकॅनिक पडद्यावर शेजारी शेजारी शोभून दिसतात, कारण कोणाला किती वाव द्यायचा हे लेखकाच्या हाती असते. टेबलावर तो वाव नियमांनी द्यावा लागतो, आणि तेथे मेकॅनिक उघडा पडतो. फँटसी फ्लाइटने 2013 ते 2015 या काळात ‘स्टार वॉर्स’मधले तस्कर, बंडखोर आणि ‘फोर्स’ ही गूढ शक्ती वापरणारे यांच्यासाठी तीन स्वतंत्र मूळ नियमग्रंथ काढले. यामागे व्यापारी हिशेब असेलही, पण या तीन प्रकारच्या पात्रांना एका पंगतीत बसवणे किती अवघड आहे याची ती कबुलीच होती, असे मी मानतो.

अंतराळयानाच्या लढाईत हीच अडचण अधिक तीव्रतेने जाणवते. अशाच एका गाजलेल्या विश्वावर बेतलेल्या खेळाची एक बैठक मी चालवत होतो. पाच खेळाडू होते. एकाने सुकाणू धरले, दुसऱ्याने तोफा घेतल्या, तिसरा कप्तान झाला. चौथीचे पात्र डॉक्टरचे होते आणि पाचवा भाषातज्ज्ञ होता. लढाई सुमारे तासभर चालली. तेवढ्या वेळात डॉक्टरला एका जखमीवर उपचार करण्यासाठी एकदा फासे टाकायला मिळाले, आणि भाषातज्ज्ञाने हातातले फासे एकावर एक रचून मनोरा केला, तो पडला, तेव्हा त्याने पुन्हा रचला. कप्तानाचा खेळाडू आज्ञा देत होता आणि बाकीचे त्या पाळत होते. त्यामुळे पाच जणांच्या खेळात निर्णय प्रत्यक्षात एकच जण घेत होता. कोणीही नियम चुकला नव्हता. ज्या प्रसंगासाठी सर्वांनी हे विश्व निवडले होते, त्याच प्रसंगात त्यांतल्या दोघांना जवळजवळ काही काम नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. मोडिफियसच्या ‘स्टार ट्रेक’मध्ये यावर विचार झालेला दिसतो. ज्याचे मुख्य पात्र एखाद्या प्रसंगात नसेल, त्याने जहाजावरील दुय्यम कर्मचारी घेऊन खेळावे अशी सोय तेथे आहे, आणि ती खरोखर उपयोगी पडते.

दुसरी अडचण ज्ञानाची. ज्याला त्या विश्वाचे सर्वाधिक प्रेम असते, त्याला त्यातले सर्वाधिक तपशीलही ठाऊक असतात, आणि तो बहुधा सूत्रधार नसतो. मी एका ग्रहाचे वर्णन करत असताना माझ्या एका मित्राने अगदी सद्भावनेने सांगितले की त्या ग्रहावर समुद्र नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते. पण त्यानंतर प्रत्येक वाक्य उच्चारण्यापूर्वी मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागलो आणि इतर खेळाडूही माझ्याऐवजी त्यालाच प्रश्न विचारू लागले. मोठ्या घटना तर आधीच घडून गेलेल्या असतात: युद्ध कोण जिंकणार, सम्राट कोणाच्या हातून मरणार, हे सर्वांना पाठ असते. नाटकाच्या नेपथ्यात रंगवलेले दार प्रेक्षकाला खरे वाटते, कारण ते उघडून पाहायला कोणी जात नाही. खेळाडू मात्र पहिल्याच बैठकीत त्या दाराशी जातो आणि पलीकडे काय आहे ते विचारतो. माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणारे यंत्र असताना कैद्याला सोडवायला तुरुंगात कशाला शिरायचे, हा प्रश्न पटकथालेखक एका वाक्यात टाळू शकतो. सूत्रधाराला तो टाळता येत नाही.

वेस्ट एंडच्या ‘स्टार वॉर्स’ला मिळालेले यश माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते, असे कोणी म्हणेल. मला ते माझ्याच बाजूचे वाटते. तेव्हाचा अखेरचा चित्रपट 1983 चा होता, नवा दृष्टिपथात नव्हता, आणि 1987 मध्ये त्या विश्वाचा बराचसा नकाशा कोरा होता. खेळाच्या लेखकांनी तो भरला. त्यांनी केलेले काम इतके भक्कम होते की लेखक टिमोथी झान यांनी ‘स्टार वॉर्स’वरची 1991 ची आपली कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा संदर्भासाठी त्यांच्याकडे याच खेळाची पुस्तके पाठवण्यात आली. खेळाडूंना करण्यासारखे काही शिल्लक असलेले ते विश्व होते.

हे ‘काही शिल्लक असणे’ कसे घडवता येते, हे मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळप्रवासाच्या खेळाने 1977 मध्येच दाखवले होते. त्यामागे चित्रपट नव्हता, मालिका नव्हती. पात्र तयार करतानाच त्याची आधीची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर ठरे, आणि मूळ नियमांत तर एखादे पात्र खेळ सुरू होण्याआधीच त्या नोकरीत मरू शकत असे. जो जिवंत राही तो मध्यमवयीन, अनुभवी आणि बऱ्याचदा कफल्लक असे. जहाज कर्जाने घ्यायचे तर त्याच्या रोख किमतीचा 240 वा भाग दरमहा, असे 480 महिने, म्हणजे चाळीस वर्षे फेडायचे. या एका आकड्याने जी किमया केली, ती मला फार मोलाची वाटते. हप्ता भरायचा आहे, म्हणून माल उचलायचा आहे. माल उचलायचा, तर कोणत्या ग्रहावर काय स्वस्त आहे ते पाहायचे. भाडे जास्त देणारा प्रवासी संशयास्पद वाटला, तरी त्याला घ्यायचे की नाही यावर वाद घालायचा. त्या वादात वैमानिक, डॉक्टर, मेकॅनिक सगळ्यांचे मत सारख्याच वजनाचे असते, कारण कर्ज सगळ्यांचे असते. एवढ्यावर महिनोन् महिने बैठका चालतात आणि सूत्रधाराला विश्व वाचवण्याचे संकट शोधावे लागत नाही.

गाजलेल्या कथांवरचे जे खेळ जमले, त्यांनीही केवळ नावे आणि चित्रे उचलली नाहीत. 2019 च्या ‘एलियन’ या भयपटावरच्या खेळात ताण वाढला की खेळाडूला जादा फासे मिळतात, म्हणजे यशाची शक्यता वाढते, पण त्याच फाशांवर ‘एक’ हा आकडा पडला तर पात्र घाबरून भान हरपू शकते. 2009 च्या ‘डॉक्टर हू’मध्ये प्रत्येक फेरीत बोलणारे आधी, मग पळणारे, मग इतर काही करणारे आणि लढणारे सर्वांत शेवटी, असा क्रम आहे. हाणामारीपेक्षा शब्दाला मान देणारी ती मालिका या एका नियमात जितकी सापडते, तितकी पुस्तकातल्या रंगीत छायाचित्रांत सापडत नाही.

मूळ कथेच्या मालकाकडून खेळ काढण्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या परवान्याचाही उल्लेख करायला हवा, कारण त्याची झळ थेट खेळाडूंना लागते. कराराची मुदत संपली की प्रकाशकाला पुस्तके विकता येत नाहीत, अर्धवट राहिलेल्या मालिकेचे पुढचे भाग येत नाहीत, आणि नव्या कंपनीच्या नियमांशी जुन्या पुस्तकांचा मेळ बसत नाही. ज्या गटाने एका मोहिमेत, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या एकाच कथेत, वर्षे घातली, त्याला नव्या खेळाडूसाठी पुस्तकाची जुनी प्रत शोधत फिरावे लागते.

म्हणून एक विनंती आहे. यापुढे अशा खेळाचे परीक्षण छापताना समीक्षकाने तो निदान तीन बैठका खेळलेला असावा, आणि पृष्ठसंख्या, छपाई व चित्रे यांच्याबरोबरच दुसऱ्या बैठकीच्या आरंभी खेळाडूंनी काय करायचे ठरवले, ते कोणी सुचवले, आणि त्या वेळी डॉक्टरचे पात्र घेतलेली व्यक्ती काय करत होती, हेही त्यात नमूद करावे.

आपला,
एक नियमित वाचक