‘सर्टन’ पाटील कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारच्या काकाजींकडं पीकविम्याचा इंग्रजी कागद आला. त्यात ‘सर्टन व्हिलेजेस’ना भरपाई, असं होतं. बारावीतल्या नातवानं डिक्शनरीत ‘निश्चित’ पाहून सांगितलं, “आबाजी, पैसे पक्के हायेत!” काकाजींनी त्याच भरवशावर कपाशीला खत उधारीवर उचललं.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, म्हणून खुलासा माझ्याच गळ्यात. ‘आय ॲम सर्टन’ म्हणजे मला खात्री आहे. पण हाच शब्द नामाआधी आला, की बहुतेकदा अर्थ ‘काही ठरावीक’, अन् ते कोणते हे गुलदस्त्यात! ‘अ सर्टन मिस्टर पाटील’ म्हणजे कोणी एक पाटील, पक्का पाटील नव्हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘ठरलेला’.

आमचं गाव त्या ‘काहीं’त नव्हतं. हे कागद मराठीत का देत नाहीत?

– एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ