पडवी आपली आपणच बांधली

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पडवीवर कौलं चढली. तुझी आई फोनवर दाखवते त्यातलं तुला अर्धंच दिसतं, म्हणून नीट लिहून कळवतो.

तू म्हणाली होतीस, पत्र्याची शेड टाकून घ्या, माणसं येतील आणि उभी करून जातील, तुम्ही या वयात वर चढू नका. तुझी काळजी कळते मला. पण पत्रा मे महिन्यात भाजून काढतो आणि पावसात त्याच्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यात बिघडलं की परत त्याच माणसांची वाट बघायची. कौल फुटलं तर एक कौल बदललं की झालं. ते आईला जमतं, तुलाही जमेल. मला तशीच पडवी हवी होती.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर चिऱ्याचं जोतं बांधून आत मुरूम भरून ठेवला, तेव्हा तू विचारलंस की अर्धवट का सोडलं. भरावाने एक पावसाळा खाल्ला पाहिजे. पाणी मुरतं, माती खाली बसते, मग वरून पुन्हा भर घालून धुमसाने ठोकायची. घाई केली तर पुढे जमीन खचते. नवं जोतं जुन्यात गुंतवलं नाही, मध्ये बोटभर फट ठेवून वाळू भरली. जुनं घर बसून कित्येक वर्षं झाली, नव्याचं बसणं अजून बाकी आहे. दोन्ही एकमेकांत अडकवली असती तर तडा ओटीच्या भिंतीला गेला असता.

आखणी मी आणि आईने केली. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजायचे. तिरकं अंतर बरोबर 5 भरलं की काटकोन साधला. पातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक आईकडे दिलं, दुसरं मी धरलं. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. आईने तो बोटाने टिचकी मारमारून बाहेर काढला आणि पाणी स्थिर होईपर्यंत मला खूण करू दिली नाही. तिच्यामुळे चारही खांब एका पातळीत आले.

खांब आपल्या फणसाचे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात परड्यातला फणस पडला तेव्हा तू रडली होतीस. त्याचं लाकूड चिरून इतकी वर्षं गोठ्याच्या माळ्यावर वाळत ठेवलं होतं. पिवळा गाभा तेवढा घेतला. बाहेरचा पांढरट भाग वाळवी सोडत नाही, तो तासून टाकला. खांब जमिनीत पुरले नाहीत, प्रत्येकाखाली दगडाचा तळखडा आहे. लाकूड मातीपासून वेगळं राहिलं की टिकतं. बुडाला काजूच्या टरफलाचं तेल दिलं. ते अंगाला लागलं तर कातडी भाजते, म्हणून आधी हातांना खोबरेल चोळून वर हातमोजे घातले होते.

आता ढाळ. सगळ्यात जास्त विचार मी त्याचाच केला. आपली पडवी पश्चिमेला, म्हणजे वारा आणि झड समोरून. ढाळ कमी पडला तर वारा पावसाचं पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटं वर ढकलतो आणि ते आत ठिबकतं. म्हणून दर 2 फुटांना 1 फूट उतार धरला. पडवी 7 फूट रुंद, म्हणजे साडेतीन फूट उतार झाला. तेवढा उतार देऊन बाहेरच्या बाजूला सव्वासहा फूट उंची राहते. तुझा दादा आला तर त्याला थोडं वाकावं लागेल. तरी उंचीसाठी मी ढाळ सोडला नाही. जुनी वळचण नव्या कौलांवर हातभर पुढे येते, त्यामुळे घराचं पाणी सरळ पडवीवरून खळ्यापलीकडे जातं.

कौलं मंगलोरी, जुनीच. वाडीतलं एक पडकं घर उतरवत होते, तिथून आणली. 10 चौरस फुटांना साधारण 15 लागतात, आपल्याला सव्वातीनशेच्या घरात लागली. आईने प्रत्येक कौल हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवून घेतलं. खणखणीत वाजलं की ठेवायचं, बद्द आवाज आला की बाजूला, कारण त्यात डोळ्याला न दिसणारी चीर असते. रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या, ठोकताना मात्र मापाला एक कौल हातात धरूनच ठोकल्या. जुन्या कौलांत कारखान्यागणिक थोडा फरक असतो.

वासे चढवायला वाडीतले चौघे आले, पैसे कोणी घेतले नाहीत. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर, वाढीव बांधकामाची नोंद होईल.

तू पाठवलेल्यातले बरेच पैसे उरलेत, ते तुझ्याच नावावर ठेवतो.

जमीन चोपायची राहिली आहे, आणि पश्चिमेच्या अंगाला झावळांची झडपं बांधायची. ती मी मुद्दाम तुझ्यासाठी ठेवली आहेत. कौलं परतायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, वाडीत मुलग्यांनाच वर चढवतात. मला ते पटत नाही. हे घर तुझंही आहे, तर कुठला वासा कुठे टेकलाय, कौल कसं सरकवून काढायचं, पाय रिपेवर कुठे ठेवायचा, हे तुला आलं पाहिजे. आम्ही आहोत तोवर शिकून घे. मृग 7-8 जूनला लागतो, त्याच्या आधी चार दिवसांची रजा काढ.

आई आमसुलं पडवीत वाळवतेय, अचानक सर आली तरी आता धावपळ नाही. येताना रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट आण. चपला घालून मी तुला शिडीवर चढू देणार नाही.

तुझे,
बाबा