दया नव्हे, दिरंगाई

महोदय,

एखाद्या क्रूर गुन्हेगाराची फाशी रद्द झाली की दोन-चार दिवस गदारोळ उठतो. मानवाधिकारवाल्यांना शिव्या, न्यायालयाला टोमणे, मग सगळे शांत. फाशी रद्द का झाली, हे मात्र फारसे कोणी वाचत नाही.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींचेच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फाशी २००६ मध्ये कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला तो २०१४ मध्ये. आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. कारण काय, तर दयेच्या अर्जाच्या निकालाला लागलेली ७ वर्षे १० महिने १५ दिवस. गुन्ह्याच्या क्रौर्याबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. ठपका होता तो सरकारी ढिलाईवर. पुण्यातील बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खून खटल्यात तर राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्यानंतर वॉरंट निघायलाच जवळपास दोन वर्षे गेली. २४ जून २०१९ ही फाशीची तारीखही ठरली होती. पुढच्याच महिन्यात शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

म्हणजे दया कोणीच दाखवली नव्हती. राज्यपालांनी नाही, राष्ट्रपतींनीही नाही. मारल्या गेलेल्या लेकरांच्या आईबापांना सांगायचे काय, की कागद पुढे सरकला नाही?

यावर ‘दयेची तरतूदच काढून टाका’ असा सूर निघतो. मी फाशीच्या बाजूचा आहे, तरी मला हे पटत नाही. एका खून खटल्यात सारखाच वाटा असलेल्या तिघांना फाशी झाली होती. एक १९८१ मध्ये फासावर गेला. दुसऱ्याची शिक्षा १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली. तिसऱ्याचे सगळे अर्ज फेटाळले गेले होते. अखेर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच राष्ट्रपतींकडे त्याच्यासाठी शब्द टाकावा लागला. आणि इतके मागे तरी कशाला जायचे? नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या हत्याकांडात सहाही आरोपींना फाशीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. दरम्यान त्यांना फासावर चढवले असते, तर ही भरपाई कोणाच्या हातात ठेवली असती? न्यायाधीशही माणसेच, म्हणून राष्ट्रपतींना आणि राज्यपालांना दयेचा अधिकार देणारे घटनेतील अनुच्छेद ७२ आणि १६१ हवेतच.

प्रश्न आहे तो मुदतीचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, कैद्याला दयेच्या अर्जासाठी ३० दिवसांची मुदत आहे. केंद्राने ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस करायची आहे. पण हे ६० दिवस मोजायचे राज्य सरकारचा अभिप्राय आणि खटल्याची कागदपत्रे हाती पडल्यापासून! राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यायचा, राष्ट्रपतींनी निर्णय कधी घ्यायचा, याला बंधन नाही. म्हणजे घाई फक्त कैद्याने करायची. शिवाय राज्यपाल-राष्ट्रपती त्या निर्णयापर्यंत कसे आले, याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असेही हीच संहिता म्हणते. निदान कारणे तरी लिहून जाहीर करा. मग ती अर्ज मान्य केल्याची असोत वा फेटाळल्याची.

पुण्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमण्यास सांगितले आहे. आपल्या गृह विभागाकडे आज असे किती अर्ज आहेत, प्रत्येक अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे, एवढी यादी त्यांनी दर महिन्याला प्रसिद्ध करावी.

– एक वाचक