माऊस माझ्याच हातात ठेवणाऱ्या दादांना

स. न. वि. वि.

दादा, तुमचं नाव आणि दुकानाची पाटी इथं मुद्दाम लिहीत नाही. "नाव कशाला ताई, गर्दी व्हायची उगंच," असंच तुम्ही म्हणाला असतात. आणि त्या जिन्याखालच्या दुकानात दोनापेक्षा जास्त माणसं मावतही नाहीत. कोल्हापूरच्या राजारामपुरीत, शाई भरायला आलेल्या प्रिंटरांच्या थप्पीमागं बसणारे दादा, एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

दिवाळी अंक परवा छापायला गेला. १४४ पानं, वेळेत. म्हणून आज बसून हे लिहिते आहे.

तुमच्याकडं आले तो पितृपंधरवडा होता. माझी अवस्था तुम्ही पाहिलीच होती, कारण मात्र तेव्हा धड सांगता आलं नाही. मी दिवाळी अंकांची पानं लावते आणि मुद्रितंही तपासते. डावीकडच्या मॉनिटरवर लेखकाचं हस्तलिखित, उजवीकडच्या मॉनिटरवर पान, ही माझी बारा वर्षांची बैठक. जुना डेस्कटॉप या पावसाळ्यात गेला. लॅपटॉप घेतला, दोन्ही मॉनिटर चांगलेच होते म्हणून तेच ठेवले. एक लागला. दुसरा लागेना. दुसरा लावला की "नो सिग्नल". दोघांची अदलाबदल केली तरी तेच. एका वेळी एकच काय तो उजेडात.

चार दिवस एकाच मॉनिटरवर खिडक्या खालीवर करत काम रेटलं आणि एका कवितेतली आख्खी ओळ गळाली. कवयित्रीबाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. "ती ओळ नको होती का हो?" एवढंच विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा माझ्या टेबलावर एका वायरीपाशी अडून बसली होती म्हणा ना.

जिथून लॅपटॉप घेतला त्या दुकानात गेले. पितृपंधरवड्यात नवीन वस्तू कोण घेतंय, त्यामुळं दुकानात शुकशुकाट. तरी काउंटरवरच्या मुलाला मान वर करायला वेळ नव्हता. "काकी, दोन फाट्यांची वायर घ्या, झालं." ४५० रुपये. घरी लावली तर दोन्ही मॉनिटरांवर तेच पान. जुळी भावंडं! परत द्यायला गेले तर पाकीट फोडलंय म्हणून घेत नाहीत.

दुसऱ्या दुकानानं टाइप-सीचं एचडीएमआय करणारा डोंगल दिला, म्हणजे लॅपटॉपच्या लहान भोकात खुपसून त्याला मॉनिटरची वायर लावायचा जोड. तोही चालेना. त्यांनी माझ्या हातातून लॅपटॉप ओढून घेतला, पाच मिनिटं खटखट केली, मग तोच डोंगल स्वतःच्या लॅपटॉपला लावून दाखवला. तिथं लागला. "बघा, डोंगल ओके आहे. तुमच्यातच लोचा आहे." लॅपटॉपमध्ये की माझ्यात, ते विचारायचं राहून गेलं.

मग कंपनीची हेल्पलाइन. पन्नास मिनिटं. त्यांना माझ्या स्क्रीनचा ताबा दिला आणि माझ्या डोळ्यांदेखत बाण आपोआप फिरायला लागला. इथं टिचकी, तिथं टिचकी, एकेक खिडकी उघडतीय, मिटतीय. मी हात मांडीवर ठेवून बघत बसलेली. शेवटी पलीकडचा आवाज म्हणाला, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू. ऐंशी पानं लावून झाली होती, दादा. मी सरळ वायफाय बंद केलं.

आणि पुण्याचा भाचा. "आत्या, विंडोजचा नाद सोड. माझ्यासारखं मॅकबुक घे, सगळे प्रॉब्लेम खलास." हे फोनवर, मीटिंगला जाता जाता.

तुमच्याकडं आले ती खरं तर प्रिंटरची शाई भरून न्यायला. लॅपटॉप पिशवीत होता तो केवळ त्याला घरी एकटं सोडवत नव्हतं म्हणून. तुम्हीच विचारलंत, "ताई, तोंड का उतरलंय?" मी सगळं एका दमात सांगितलं. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. बाकावरचे सुटे भाग बाजूला सारलेत, स्टूल पुढं केलंत, फळीवरून एक जुना मॉनिटर उतरवलात, कोपऱ्यातला टीव्ही अलीकडं वळवून त्याचा दुसरा मॉनिटर केलात. आणि माझा माऊस बाकावर ठेवायचा तर तो तुमच्या बाजूला न ठेवता माझ्या उजव्या हाताशी ठेवलात.

"माऊस तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. मी सांगतो, तुम्ही करा. उद्या घरात परत अडलं तर मी न्हाई तिथं."

दादा, या पत्राचं कारण एवढंच आहे.

तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. पण त्या आठवड्यात माझ्या हातातून माऊस काढून घेणारे तुमच्याआधी दोन जण झाले होते, त्यातल्या एकानं तर तो शेकडो मैलांवरून काढून घेतला. कुणी उद्धट नव्हतं, "सरका जरा" हे सगळे गोडीतच म्हणतात. सरकायचं, उभं राहायचं, आणि आपल्याच यंत्राकडं परक्यासारखं बघायचं.

मग तुम्ही मोबाइलचा टॉर्च लॅपटॉपच्या कुशीवर धरलात आणि विचारलंत, "भोकाशेजारी काय छापलंय, वाचता येतंय का?" मी पिशवीतून माझं भिंग काढलं. छापखान्यातलं, ठिपके बघायचं. डावीकडच्या टाइप-सीपाशी नुसता यूएसबीचा त्रिशूळ. उजवीकडच्या दोन्हीपैकी वरच्या भोकापाशी, तीळभर, इंग्रजी डी आणि त्याच्या पोटात पी, म्हणजे डिस्प्लेपोर्ट, इथून चित्र बाहेर पडतं याची खूण. "सापडला?" म्हणालात. सापडला की! आणि लाजही वाटली. तीस वर्षं मी लोकांचे गळालेले अनुस्वार शोधून काढते, आणि रोज ज्यात चार्जर खुपसत होते त्या भोकाशेजारचं अक्षर मला दिसलं नव्हतं.

तुम्ही सांगितलंत ते माझ्या भाषेत मी असं लिहून ठेवलंय. टाइप-सी हे नुसतं भोकाच्या आकाराचं नाव. २०१४ साली आलं, आत २४ पिना, सगळीकडं दिसायला सारखं. पण त्यातून नुसता डेटा जाणार, चार्जिंग होणार की चित्रही बाहेर पडणार, हे लॅपटॉप करणारा ठरवतो. माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सी भोकांपैकी चित्र फक्त त्या डी-पीवाल्यातून निघतं, आणि तिथं मी चार्जर लावून बसले होते, जो डावीकडंही चालला असता. डोंगल बिचारा डावीकडं आंधळ्या भिंतीला डोळे लावून बसला होता. आणि ती दोन फाट्यांची वायर? छपाईच्या एका प्लेटवरून हजार प्रती निघतील, दुसरं पान हवं तर दुसरी प्लेटच लागते. हे उदाहरण मी दिलं तेव्हा तुम्ही खूश होऊन म्हणालात, "हे मी आता गिऱ्हाइकांना सांगणार." सांगा, हक्कानं सांगा.

चार्जर डावीकडं, डोंगल उजवीकडं. टीव्ही आधीच एचडीएमआयवर होता. विंडोजचं बटण आणि पी, मग "एक्स्टेंड". दोन सेकंद काळं. मग उजेड. मी बाण उजवीकडं ढकलला तर तो काठाला जाऊन अडला. माझा जीव पुन्हा खाली. तुमचा हात पुढं आला, मी पाहिला, आणि तो परत मागं गेला. "सेटिंगमध्ये एक, दोन, तीन असे चौकोन दिसत्यात का? ते टेबलावर जसे मांडलेत तसे ओढा." मी दोन नंबरचा चौकोन धरून तीनच्या पलीकडं सोडला. बाण लॅपटॉपवरून निघाला, मॉनिटरवर गेला, मॉनिटर ओलांडून टीव्हीवर गेला आणि परत आला. मी तो चार-पाच वेळा नेला-आणला. तुम्ही घाई केली नाहीत, तेवढ्यात एका काट्रिजमध्ये शाई भरून घेतलीत.

तो मागं घेतलेला हात मला फार दिसतो.

नव्वदच्या दशकात मी एका छोट्या छापखान्यात लागले तेव्हा तिथं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे एक म्हातारे कंपोझिटर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, माझ्या हातात दिली आणि स्वतः तंबाखू मळत शेजारी उभे राहिले. माझ्या हातून सगळी ओळ खाली सांडली. ते वाकले, खिळे गोळा केले, आणि परत माझ्याच हातात दिले. ज्याला काम येतं त्याला ते दुसऱ्याच्या हातून होताना बघवत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. शिकाऊ मुली माझ्याकडं टिकल्या नाहीत. त्यामुळं हात मागं घेणारी माणसं दिसली की मी मोजून ठेवते. फार झालेली नाहीत.

तुम्ही मला काहीही विकलं नाहीत. मी विचारलं होतं, मोठा डॉक, म्हणजे एका वायरीवर बरीच भोकं देणारा डबा, घेऊ का, आठ-दहा हजारांचा? तुम्ही म्हणालात, चिप तीन पडदे चालवतीय, लॅपटॉपचा धरून, तुम्हाला तीनच पायजेत, मग पैसे कशाला घालवताय. तपासणीचे २०० रुपये मात्र घेतलेत आणि पावती फाडलीत, हे मला फार आवडलं. फुकट केलं असतंत तर पुन्हा यायला संकोच वाटला असता.

यंदा खंडेनवमीला लॅपटॉप पुजला, भिंग पुजलं, आणि त्यांच्याशेजारी माऊसलाही झेंडूचं एक फूल वाहिलं. घरातले हसले. हसू देत. अंक हातात आला की पहिली प्रत तुमच्या बाकावर आणून ठेवते. त्या कवितेतल्या सगळ्या ओळी जागेवर आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
शाईवाली ताई

ता. क. दसऱ्याला भाचा सोनं द्यायला आला होता. दोन मॉनिटर लागलेले बघून म्हणाला, आत्या, जरा माझं ऑफिसचं काम यावर करतो. त्याचं मॅकबुक एअर २०२० चं, एम१ चिपचं. तुम्ही मला सांगितलं होतंत, त्याला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, कंपनीनंच तसं लिहून दिलंय. तो अर्धा तास वायरी काढघाल करत होता. मी चहा करून आणला, शेजारी बसले, आणि माऊस त्याच्याच हातात राहू दिला.