उजवीकडे सरकवलेला दिवा

आदरणीय ताई,

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी लंडनमधल्या तुमच्या अभ्यासिकेतील त्या सकाळचा विषय निघाला की माझा आवाज कापतो, म्हणून हे पत्र उघडपणेच लिहीत आहे. जन्मभर साबण-बिस्किटांच्या जाहिराती रंगवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त कमर्शिअल आर्टिस्टला ब्रिटिश पोस्टर-चित्रकार एब्रम गेम्स यांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पोस्टर्स एकदा डोळ्यांनी पाहायची होती. त्यासाठी याआधी जी दारे ठोठावली, तेथे प्रथम संस्थेचे पत्र मागण्यात आले. एके ठिकाणी तर ‘जाहिरातींचा कसला अभ्यास?’ असेही ऐकून घ्यावे लागले. तुम्ही मात्र ‘काका, काय पाहायचे आहे?’ एवढेच विचारलेत.

मी नोंदवहीत डाव्या हाताने सही केली, आणि पोस्टर मांडण्यापूर्वी तुम्ही काही न बोलता टेबलावरचा दिवा उचलून माझ्या उजव्या बाजूला ठेवलात. चाळीस वर्षे स्टुडिओंमध्ये मी स्वतःच्याच हाताच्या सावलीत रेघा ओढल्या. तेथे तो दिवा कुणाला सरकवावासा वाटला नव्हता. समोरच्याचा हात कोणता हे पाहण्याइतकी माणुसकी कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नसते.

त्या उजेडात, सैनिकांना बेसावध बोलण्याविरुद्ध बजावणारे गेम्स यांचे १९४२ चे पोस्टर पाहिले. सैनिकाच्या तोंडातून निघालेले लाल आवर्त फिरत फिरत शस्त्राचे टोक बनते आणि त्याच्याच तीन साथीदारांना भोसकते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या एका छायाचित्रकाराचा हा मुलगा, म्हणजे गेम्स, कलाशाळा दोन सत्रांत सोडून व्यावसायिक स्टुडिओत लागला, १९४० मध्ये पायदळात गेला आणि पुढच्या वर्षीपासून ब्रिटनच्या युद्ध कार्यालयासाठी त्याने शंभराच्या आसपास पोस्टर्स केली. प्रचार म्हणजे लबाडी, असे आपण सहज म्हणून जातो. पण ब्रिटनमधल्याच पडक्या, अंधाऱ्या घरातले रोगट मूल आणि त्यापुढे उभे असलेले नवे आरोग्य केंद्र दाखवणारे त्यांचे पोस्टर पंतप्रधान चर्चिल यांना इतके झोंबले की ते मागे घेण्यात आले. मला तर त्या पोस्टरमध्येच गेम्स सर्वांत अधिक दिसतात. पण हे मत एका जाहिरातवाल्याचे आहे, ते तेवढ्याच वजनाने घ्यावे.

त्या सकाळी मी पेन्सिलने ते आवर्त उतरवून घेतले. त्या पानाची एक प्रत तुमच्यासाठी पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
एक डावखुरा चित्रकार