आधी जीबी सांगा, मग तारे द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या व्हिडिओ गेमची परीक्षणे येऊ लागली, हे चांगले झाले. ग्राफिक्स, कथा, संगीत यांना तारेही मिळतात. पण गेम किती जीबीचा आहे, नेट बंद केल्यावर चालतो का आणि मध्येच लाइन गेली तर पुन्हा कुठून सुरू होतो, हे त्यात सापडत नाही. पुण्या-मुंबईत फायबर घेतलेल्या वाचकाचे त्यावाचून अडत नसेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, आर्णी, घाटंजीकडच्या गावात मात्र गेम घ्यायचा की नाही ते यावरच ठरते. हे निकष लावले तर गाजलेल्या गेमची क्रमवारी बरीच उलटीपालटी होते.

‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ ऑगस्ट 2024 मध्ये आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. पीसीवर तो 130 जीबी जागा मागतो. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर हा गेम उतरवायचा तर 87 दिवस लागतील, तेही घरात कोणी व्हॉट्सअपसुद्धा उघडले नाही तर. अमर्याद 5जी मिळाले आणि 20 एमबीपीएसचा वेग न तुटता राहिला, तरी साडेचौदा तास जातात. लाइन गेली म्हणून डाउनलोड वाया जात नाही, स्टीमवर (पीसीचे गेम विकणारे ऑनलाइन दुकान) ते थांबले तिथून पुढे चालू होते. खरी गोची अपडेटची आहे. अपडेट दोन जीबीचा दिसतो, पण तो बसवताना स्टीम मूळची मोठी फाइल नव्याने जुळवून लिहितो. तेवढी मोकळी जागा डिस्कवर लागते. 256 जीबीच्या एसएसडीवर विंडोज, हा गेम आणि घरातले फोटो असले की जागा अपुरी असल्याचा संदेश येतो, आणि पोरं सगळा गेम काढून पुन्हा उतरवायला बसतात. तसे करू नये. दुसरे काहीतरी हलवून तेवढी जागा मोकळी करावी, मग अपडेट पुढे सरकतो. गेम म्हणाल तर त्यातल्या मोठ्या लढती उत्तम आहेत. मात्र जिथे वाट दिसते तिथे अदृश्य भिंत आडवी येते, आणि एवढे देखणे डोंगर बहुतेक लांबूनच पाहायचे राहतात.

नेटचे बंधन तर त्याहून जाचक. ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स 6’ मध्ये एकट्याने खेळायच्या कथेलाही नेट लागते, कारण चित्रांचे बारीक तपशील खेळता खेळता सर्व्हरवरून उतरत असतात. ‘ग्रॅन टुरिस्मो 7’ चे सर्व्हर मार्च 2022 मध्ये तीस तासांहून जास्त बंद होते, तेव्हा घरात एकट्याने गाडी पळवणारेही अडकून पडले. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ चे सर्व्हर 31 मार्च 2024 ला कायमचे बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम उघडेनासा झाला. अशा गेमच्या परीक्षणात ही अट पहिल्या ओळीत यायला हवी. तिसऱ्या परिच्छेदात कंसात नको.

उलट बाजूला ‘बलाट्रो’ पाहा. एका माणसाने केलेला पत्त्यांचा गेम, फेब्रुवारी 2024 मध्ये पीसीवर आणि सप्टेंबरमध्ये फोनवर आला. पीसीवर 150 एमबी पुरतात, एकदाच पैसे द्यायचे, नंतर नेट नको. मध्येच बंद पडला तरी डाव होता तिथून सुरू होतो. पत्ते दिसतात म्हणून पालक दचकतात. युरोपातल्या वयोमानांकन संस्थेनेही आधी त्याला 18 वर्षांवरचा ठरवले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अपिलानंतर 12 वर आणले. यात खरा पैसा कुठेच लावता येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याच्याशी या गेमचा संबंध नाही.

यात नवखे कुठे अडकतात तेही सांगतो. पहिल्या टप्प्याला 300 गुण पुरतात, आठव्याच्या शेवटी एक लाख लागतात. गुण म्हणजे चिप्स (पत्त्यांचे मूळ गुण) गुणिले गुणक. गुणकात चार-चारची भर घालणारे जोकर (गुण वाढवणारे खास पत्ते) घेत गेलात तर पाचव्या टप्प्यापर्यंत मजेत जाता आणि सहाव्यात दम तुटतो. तिथे गुणकालाच दीडपट, दुप्पट करणारा जोकर हवा, आणि तो रांगेत उजवीकडे ठेवायचा, कारण हिशेब डावीकडून होतो. दुसरे म्हणजे गेममधल्या दुकानात गेममधले सगळे पैसे उडवायचे नाहीत. हातात दर 5 डॉलरमागे 1 डॉलर व्याज मिळते, 25 डॉलरपर्यंत. ज्याने 25 शिल्लक राखले त्याला प्रत्येक फेरीला 5 फुकट.

‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ सप्टेंबर 2025 मध्ये आला. जागा 8 जीबी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो, नेट नको. कारागिरी पहिल्या दर्जाची, पण अवघडपणा ताणलेला. सुरुवातीला जीव पाच. बरेच शत्रू एका फटक्यात दोन काढतात, म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ संपतो. मग मागच्या बाकापासून (बाकावर बसले की खेळ सेव्ह होतो) तीच वाट पुन्हा तुडवायची. सुरुवातीच्या एक-दोन लढती नंतरच्या अपडेटने सोप्या केल्या, तेव्हा गेम नेट नसलेल्या पीसीवर घेतला असेल तर एकदा तरी नेट जोडून अपडेट करावा. वीज गेल्यास शेवटच्या बाकावरून सुरुवात होते, त्यामुळे बाक दिसला की बसावे, जीव पूर्ण असला तरी.

शेतकऱ्याच्या मुलाला हमखास सुचवला जातो तो ‘फार्मिंग सिम्युलेटर 25’. नोव्हेंबर 2024 च्या या आवृत्तीत भात आला, म्हशी आल्या, शेळ्या आल्या. भाताचे दोन प्रकार आहेत, एकाची यंत्राने रोवणी, दुसऱ्याची पेरणी. बांधीत पाणी सोडायचे आणि कापणीआधी काढायचे हे भंडारा-गोंदियाकडच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. चिखलात चाकाचा चाकोरा उमटतो तोही खरा. पण कापूस बघा. यंत्र एकदा फिरले की शेत रिकामे आणि मागे गठ्ठे तयार. आपल्याकडे तीन-चार वेचे होतात, पहिल्या वेच्याचा कापूस वेगळा, शेवटची कवडी वेगळी, आणि फरदड ठेवली (वेचे संपल्यावरही पीक उभे ठेवले) तर गुलाबी बोंडअळीला आयते घर. गेममध्ये अळीच नाही. पाऊस दडी मारून दुबार पेरणी नाही. तूर नाही. गारपीट आहे, पण ती सेटिंगमधून बंद करता येते! भावाचा वर्षभराचा आलेख आधीच दिसतो, आणि माल नेला की पूर्ण भाव. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापसाची आर्द्रता 8 टक्क्यांच्या वर गेली की भाव उतरतो आणि 12 च्या वर गाडी परत येते, ते इथे कुठून असणार. ट्रॅक्टर, अवजारे, ट्रॉलीचा तोल यांचा गेम म्हणून तो चांगलाच आहे. ‘शेती शिकवणारा’ असे मात्र पुरवणीत छापू नये.

शेतीचाच पण लहानसा हवा असेल तर 2016 चा ‘स्टार्ड्यू व्हॅली’ अजून बरा. फोनवर 1.6 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. पीसीवर तो फक्त झोपायला गेल्यावर सेव्ह होतो. गेममधला दिवस साधारण 14 मिनिटांचा, म्हणजे लाइन गेली तर तेवढेच नुकसान.

खेड्यात सगळ्यात जास्त खेळला जाणारा ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा ऑनलाइन चकमकींचा गेम), आणि त्याच्याविषयी सगळ्यात कमी कामाचे लिहिले जाते. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. फोन चार्जिंगला लावून खेळले की तो तापतो, प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि नेमक्या चकमकीत चित्र अडखळते. पोरं नेटला शिव्या देतात. ओळखायची खूण सोपी: पिंगचा (नेटला उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा हिरवा असूनही चित्र तुटत असेल तर दोष उष्णतेचा. ग्राफिक्स ‘स्मूद’ ठेवून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) ‘एक्स्ट्रीम’वरून ‘अल्ट्रा’वर, म्हणजे 60 वरून 40 वर आणावा. मागचे कव्हर काढावे, चार्जर काढावा, ब्राइटनेस निम्मा करावा. गरम फोन फ्रिजमध्ये ठेवण्याचा उद्योग कोणी करू नये, आत दव धरते आणि चार्जिंगचा पोर्ट जातो. स्टोअरवर दिसणारा आकार अर्धवट असतो, नकाशे आत गेल्यावर वेगळे उतरतात. सगळे नकाशे घेण्यापेक्षा जो खेळता तोच घ्यावा.

कन्सोल घेणाऱ्यांसाठी एक. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 एएचची एक बॅटरी असते. पीएस5 चे खेळताना सुमारे 200 वॅट आणि टीव्हीचे 50 धरले तर ती आठ-दहा मिनिटेच टिकते. तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करायचे, खेळत राहायचे नाही. रब्बीत पंप सुरू झाले आणि व्होल्टेज पडले की यूपीएस सारखा बॅटरीवर जातो, बॅटरी भरत नाही आणि नेमक्या वेळी मिनिटभरात बसते. अशा गावात यूपीएसच्या आधी स्टॅबिलायझर घ्यावा. कोपऱ्यात सेव्हची खूण फिरत असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते, म्हणून एकाच जागी न करता दोन-तीन वेगवेगळ्या जागी सेव्ह ठेवावे.

आपल्या परीक्षकांना एवढीच विनंती. गेम आल्यावर नेट बंद करून तो पुन्हा उघडून बघा. खेळताना एकदा प्लग काढा आणि कुठून सुरू होतो ते लिहा. उतरवायचा आकार आणि बसवल्यानंतरचा आकार असे दोन्ही आकडे द्या. फोनवरचा गेम सहा जीबी रॅमच्या फोनवर, कूलर बंद करून, अर्धा तास चालवा.

आपला,
एक वाचक (संगणक व मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक),
ता. दारव्हा, जि. यवतमाळ