पिओनी लावण्यापूर्वी थंडीचा विचार व्हावा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रातील बागकामाविषयीचा मजकूर मी अमेरिकेतील मिशिगन राज्यातून, ॲन आर्बर येथून, नियमित वाचते. पुण्या-नाशिककडचे नातेवाईक अलीकडे मला वारंवार विचारतात की, समाजमाध्यमांवर दिसणारी ओंजळभर आकाराची गुलाबी पिओनी आपल्या गच्चीवर फुलेल का, आणि येताना तिचे कंद आणता येतील का. घरपोच रोपे-बियाणे विकणाऱ्यांच्या जाहिरातींमुळे ही विचारणा वाढली आहे आणि त्यात लोकांचे पैसे वाया जात आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पिओनी हे थंडीवर वाढणारे झाड आहे. शरद ऋतूत तिची पाने वाळतात, वरचा भाग पूर्ण मरतो आणि जमिनीखालचे कंद विश्रांती घेतात. या काळात शून्य ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी अनेक आठवडे मिळाली, तरच कंदावरच्या डोळ्यांतून पुढच्या वसंतात कळी धरते. पुण्यात जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा सात-आठ अंशांवर उतरला तरी दुपारी तो पुन्हा तिशीकडे झुकतो, आणि त्या चढउतारात ही गरज भागत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण छापता, परंतु तेथेही तशी थंडी टिकत नाही आणि पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी साचले की कुजणाऱ्या या कंदांना तो सोसणारा नाही. भारतात पिओनीची एक देशी जात आहे; पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांची ही जात काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांत वाढते. आपल्या देशात या फुलाचे खरे घर कोठे आहे, हे त्यावरूनच कळावे.

जाहिरातींत निळ्या आणि काळ्या पिओनीची बियाणे सर्रास दाखवतात. खरी निळी पिओनी अस्तित्वात नाही, हे छायाचित्र पाहून मागणी नोंदवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. खरे बी ओळखणेही कठीण नाही. ते काळे, चकचकीत आणि वाटाण्याएवढे असते; पाकिटातून मोहरीएवढे बारीक बी निघाले तर ते पिओनीचे नव्हे. शिवाय खऱ्या बियालाही आधी उबेत मूळ फुटावे लागते, नंतर थंडी लागते आणि मगच कोंब वर येतो. त्यामुळे पहिले पान दिसायला अनेकदा दोन हिवाळे जातात आणि फुलासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागते. परदेशातून सामानात कंद टाकून नेण्याचा मार्गही योग्य नाही. लागवडीची सामग्री भारतात आणण्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि मातीतून येणाऱ्या रोगांचा विचार करता तो नियम रास्तच आहे.

मात्र उत्तर अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांनी ही पिओनी अवश्य लावावी. आमच्या गावातील निकोल्स आर्बोरेटम या वृक्षोद्यानात डॉ. डब्ल्यू. ई. अपजॉन यांनी 1922 मध्ये दिलेल्या संग्रहातून उभी राहिलेली पिओनीची बाग 1927 पासून लोकांसाठी खुली आहे, आणि मेअखेरीस तेथील जुन्या वाणांचे ताटवे पाहिले की हे झाड किती दीर्घायुषी आहे हे पटते. एकदा रुजलेली पिओनी पन्नास वर्षेही त्याच जागी फुलते, म्हणून जागा निवडतानाच नीट विचार करावा: किमान सहा तास ऊन, पाण्याचा चांगला निचरा, मोठ्या झाडांच्या मुळांपासून दूर, आणि दोन रोपांत सुमारे तीन फूट अंतर.

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उघड्या मुळांच्या कंदाने करावी. कंद हातात घेतला की जाड, तपकिरी, गाजरासारखी मुळे दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर लालसर-गुलाबी, टोकदार डोळे असतात. तीन ते पाच डोळ्यांचा तुकडा घ्यावा आणि डोळ्यांवर पाच सेंटिमीटरपेक्षा अधिक माती येऊ देऊ नये. डेलिया किंवा ग्लॅडिओलस लावलेला हात येथेही सवयीने खोल जातो, आणि मग पिओनीला पाने भरघोस येतात पण फुले येत नाहीत. फुले न येण्यामागे नत्राचा अतिरेक आणि सावली ही कारणेही असतात, परंतु सर्वांत आधी खोलीच तपासावी. पहिली दोन वर्षे फूल आले नाही तर कंद उकरून पाहू नये; तिसऱ्या वर्षापासून झाड जोर धरते.

कुंडीत लावायची असेल तर कुंडी किमान 45 सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल असावी, तळाला मोठी छिद्रे असावीत आणि खाली ताटली ठेवू नये. दरवर्षी वरून कंपोस्ट घालताना डोळे हळूहळू खोल गाडले जातात, म्हणून आधी वरची थोडी जुनी माती काढून मगच नवे खत घालावे. आपल्याकडच्या घरांत आणखी एक घोटाळा होतो. ऑक्टोबर सरला की तुळशीची कुंडी उबदार घरात आणतात आणि तिच्याबरोबर पिओनीचीही आत येते. तुळस आत आणलीच पाहिजे. पिओनी मात्र बाहेरच राहिली पाहिजे. फार कडाक्याच्या प्रदेशात कुंडीतली मुळे गोठू नयेत म्हणून पाने वाळल्यावर ती हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवावी आणि माती जेमतेम ओलसर राखावी. दिवाणखान्यात हिवाळा काढलेली पिओनी वसंतात फुलत नाही.

कळ्यांवर येणाऱ्या मुंग्यांवर औषध फवारू नये, कारण त्या कळीवरचा गोड रस खाण्यासाठी येतात आणि झाडाला अपाय करत नाहीत. ओल्या वसंतात कळ्या काळ्या पडून करपल्या तर ते भाग लगेच कापावेत, आणि शरदात सगळी वाळलेली पाने जमिनीलगत कापून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टमध्ये नव्हे. जड फुलांना कळ्या धरण्यापूर्वीच तारेचे कडे लावावे. टोकियोच्या तोइची इतो यांनी 1948 मध्ये केलेल्या संकरातून पुढे आलेल्या वाणांचे दांडे बळकट असतात आणि त्यांना सहसा आधार लागत नाही. आपल्या संकराची फुले पाहण्याआधीच इतो यांचे निधन झाले, याची मला नेहमी हळहळ वाटते.

माझी विनंती अशी की, बागकामाच्या पुरवणीत विदेशी फुलांची ओळख देताना त्या फुलाला महाराष्ट्राची हवा मानवते की नाही, हे मथळ्याजवळच स्पष्ट छापावे. आणि पिओनीची माहिती द्यायची झाल्यास ती जून-जुलैत यावी, कारण शरदातील लागवडीसाठी कंदांची मागणी इकडच्या उन्हाळ्यातच नोंदवावी लागते.

कळावे,

आपली,
एक नियमित वाचक
ॲन आर्बर, मिशिगन